जोलीनचं झाड

माझा भाऊ हार्लन नाताळात सजवायची पाइनची झाडं पिकवायचा. मिशिगनात आमच्या बाजूला दुसरं पिकतंय तरी काय? एखादा शेंडा वाकडा दिसला की हा जेवणावरून उठायचा. आणि हट्टी इतका, की त्याच्याशी बोलण्यापेक्षा कुंपणाच्या खांबाशी बोललेलं बरं.

शेताच्या कडेचा एक पाइन मात्र त्याने कधी विकायला काढला नाही. तो त्याच्या मुलीने, जोलीनने, स्वतःच्या हाताने लावला होता. पोर नुकती शाळेत जायला लागली होती, तापाने गेली. तेव्हापासून दर जुलैत, तिच्या वाढदिवशी, हार्लन त्या झाडाची एक चांगली जाड फांदी कापून तिच्या थडग्यावर ठेवायचा. बायकोला, व्हर्नाला, तो ती फांदी उचलूही द्यायचा नाही.

मग शेतातल्या झाडांचे शेंडे मोडायला लागले, खोडांवर डिंकाचे गोळे दिसायला लागले. पाइन पोखरणारी अळी होती ती. तिचा पतंग एवढासा, करडा, समोर बसला तरी दिसत नाही. एखाद्या जुन्या झाडात तो ठाण मांडतो आणि तिथून दरवर्षी शेत नासवतो. ऑगस्टमध्ये पतंग उडायच्या आत ते झाड तोडून जाळावं लागतं. आमच्याकडचं जुनं झाड एकच, जोलीनचं, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

"अख्खं शेत जाईल रे," मी म्हटलं.

"जाऊ दे."

"आणि व्हर्नाने काय डिंक खायचा?"

शेवटी व्हर्नाच म्हणाली, "तोड, हार्लन. तिची आई सांगतेय."

नेमक्या वाढदिवशी त्याने करवत चालवली. झाड आडवं झालं तशी त्याने साल सोलून बघितली. जिथे जिथे फांदी कापलेली, तिथे तिथे अळ्यांची भोकं. बाकी खोड स्वच्छ. उन्हाळ्यात मोठी फांदी कापू नका, जखमेपाशी पतंग अंडी घालतो, हे हाच दरवर्षी मजुरांना ओरडून सांगायचा.

"मीच आणला गं त्याला," तो म्हणाला. "दरवर्षी."

व्हर्नाने त्या पडलेल्या झाडाची एक हिरवी फांदी तोडली आणि त्याच्यापुढे धरली. "चल, पोर वाट बघत असेल."

हार्लनने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तू ने," तो म्हणाला. "माझ्या हाताने नको आता तिला काही."