जंगली घोडे बघायला जनाबियाला

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. तिला शाळेत प्रोजेक्ट मिळाला होता, समुद्रातल्या वाळूच्या बेटावर राहणाऱ्या जंगली घोड्यांवर. पूर्वी कधीतरी माणसांनी आणलेले घोडे तिथेच राहिले, खारं गवत खाऊन तगले. आता त्यांच्या जवळ जायचं नाही, त्यांना खायला घालायचं नाही असा नियम आहे. रोज जेवताना हे ऐकून आमचं पाठ झालं.

एक दिवस तिने विचारलं, "बहारीन इज ऑल्सो ॲन आयलंड. व्हेअर आर अवर वाइल्ड हॉर्सेस?"

"शुक्रवारी दाखवतो," माझा नवरा म्हणाला. त्यालाही काही ठाऊक नव्हतं. पण विमानतळावर त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका बहारीनी माणसाच्या काकांचा जनाबियात घोड्यांचा तबेला होता.

सासूबाई रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या आणि मुहर्रकच्या आमच्या फ्लॅटमध्ये कंटाळल्या होत्या. शुक्रवारी सगळ्यांत आधी त्याच तयार. नवी जरीची ओढणीसुद्धा अंगावर घेतली.

तबेल्याच्या दारात काका खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. त्यांना बाजारातलं हिंदी छान येत होतं. जंगली घोडे कुठे आहेत, असं विचारताच ते खो खो हसले.

"जंगली? मफी जंगली! नहीं है! इधर सब खानदानी है."

मुलीचा चेहरा पडला. मग काकांनी एका पांढऱ्या घोडीच्या मानेवर हात ठेवून सांगितलं की जुन्या काळी लढाईला घोडीच नेत, म्हणून घराणं आईवरून ओळखतात. बाहेरचं रक्त मिसळू द्यायचं नाही, हे त्यांच्या वाडवडिलांनी सांभाळलं. बोलता बोलता त्यांनी त्या घोडीची आई, आजी, पणजी अशी नावं घडाघडा म्हटली.

"आईवरून?" सासूबाई खूश झाल्या. "शहाणी माणसं हो ही!" आणि लगेच त्यांनी स्वतःची आई, आजी, पणजी मोजायला घेतली. पणजीच्या आईपाशी गाडी अडली. काका अजून घोडीच्या आज्या सांगतच होते.

"घोडीला माझ्यापेक्षा जास्त आज्या?" म्हणत सासूबाईंनी तिथूनच रत्नागिरीला धाकट्या बहिणीला फोन लावला. बहिणीला वाटलं, इकडे काहीतरी बरंवाईट झालं. तिला समजावण्यातच बराच वेळ गेला. शेवटी तिने शेजारच्या म्हाताऱ्या चुलतीला विचारून नाव सांगितलं. सासूबाईंनी ते मोठ्याने म्हटलं, आणि काकांनी छातीवर हात ठेवून गंभीरपणे "माशाल्ला" म्हटलं.

या गडबडीत घोडीने सासूबाईंच्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं.

"दादी! नो फीडिंग!" लांब उभी राहून मुलगी ओरडली.

"मी कुठे देतेय? तीच घेतेय!"

काकांनी ओढणी सोडवली तेव्हा जरीचा वीतभर तुकडा कमी झाला होता. ते ओशाळून नवी घेऊन द्यायला निघाले, पण सासूबाई ऐकेनात. परत गेल्यावर ती फाटकी ओढणी त्या लग्नाकार्यालाही घेऊ लागल्या. कुणी विचारलं की म्हणत, "मोठ्या घराण्यातल्या घोडीने खाल्लीय. तुमच्या बकरीने नाही!"