भट्टीतला उजवा कोपरा

मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात, जुन्या गल्लीतल्या भट्टीवर बा जिलालीने तीस वर्षं लोकांचे पाव भाजले. कणीक ज्याच्या त्याच्या घरची, भट्टी मात्र सगळ्यांची एक. सकाळी कणकेचे गोळे मांडलेल्या घरोघरच्या फळ्या येत, दुपारी भाजलेले पाव परत जात. चिठ्ठी नाही, खूण नाही; भट्टीत प्रत्येक घराची जागा ठरलेली आणि सगळा हिशेब त्याच्या हातात. दवाखान्यात पोर बदलेल, पण बा जिलालीकडे पाव बदलणार नाही, असं बायका म्हणायच्या आणि तो मिशीत हसायचा.

त्याची बायको रकिया वारली आणि चौथ्याच दिवशी तो भट्टीवर हजर झाला, कारण घर खायला उठत होतं. पण इथेही जिवाला थारा नव्हता. पायाला भिंगरी लागल्यासारखा तो फिरायचा. झाडलेली जमीन पुन्हा झाडायचा, चहा ओतून प्यायला विसरायचा. छाती उगाच धडधडायची, झोप तर रुसूनच बसली होती. कुणी विचारलंच, तर मला काय धाड भरलीय, म्हणायचा. रडला असता तर बरं झालं असतं, पण पठ्ठ्या रडायलाही थांबत नव्हता.

आणि पाव बदलू लागले. आधी लोक हसले. मग म्हाताऱ्या हाज तहामीच्या बिनमिठाच्या पावाऐवजी शेजारच्यांचा खारट पाव गेला, त्याचा रक्तदाब चढला आणि हसू थांबलं. दोन घरांनी फळ्या पलीकडच्या भट्टीवर धाडल्या. हाजची सून तर चारचौघांत म्हणाली की बा जिलालीने आता घरी बसावं. घरी बसायचं म्हटल्यावर तो पुन्हा जमीन झाडायला लागला.

रकिया गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी दुपारी लल्ला झोहरा तणतणत आली. ती रकियाची जिवाभावाची मैत्रीण, पण जीभ तिखट. सलग चार दिवस तिच्या फळीवर दुसऱ्याच कुणाचे जवाचे पाव येत होते. तिने सरळ आत डोकावून पाहिलं, तर मागच्या कप्प्यात तिचेच पाव निळ्या फडक्यात नीट गुंडाळलेले.

"हे कुणासाठी ठेवलेत?"

"घरी न्यायचेत," तो सहज बोलून गेला. "रकियाचे आहेत."

बोलला आणि जागीच थिजला. आपण काय करतोय ते त्याला तेव्हा कळलं. तीस वर्षं रोज पहिली फळी रकियाची यायची, दुसरी झोहराची, आणि भट्टीचा उजवा कोपरा रकियाचा असायचा. तो कोपरा त्याने अजून कुणालाच दिला नव्हता. काढताना मात्र पहिले हाताला लागतील ते पाव तिचे म्हणून तो बाजूला ठेवी आणि पुढची सगळी गल्ली एकेका घराने सरके; शेवटची फळी रिकामी राहिली की इकडचातिकडचा एकेक पाव उचलून ती भरी.

"उद्यापासून तिथे माझे पाव लावा," झोहरा म्हणाली.

"नाही जमणार, लल्ला."

ती भांडली नाही. पाव सोडवून तिने फडक्याची घडी घातली. "बरं, राहू द्या तिची जागा. पण काढताना तिलाही मोजा, बा जिलाली. आधी ती, मग मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका रिकाम्या फळ्या घेऊन उभ्या होत्या. त्याने लांब दांड्याचं फावडं उजव्या कोपऱ्यात घातलं. ते नुसत्या विटांवर घासलं.

"रकिया," तो मोठ्याने म्हणाला.

फावडं रिकामं बाहेर आलं. ते हातात धरून, सगळ्यांसमोर, तो ढसाढसा रडला. बायका फळ्या धरून थांबल्या.

मग त्याने बाहीने तोंड पुसलं.

"झोहरा," तो म्हणाला, आणि तिचे पाव तिच्या फळीवर ठेवले.