फ्लॉपीची पूजा

चाकूरच्या एका डाळ मिलच्या वजनकाट्यात सोळा बिटांचा जुना प्रोसेसर आहे. त्याचा प्रोग्राम बदलायचं काम मी घेतलं आणि अडकलो. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा माझा नवा सी कंपायलर त्या प्रोसेसरला चालतच नव्हता. जुना निघाला नांदेडला, माझ्या निवृत्त सरांच्या कपाटात, एका मोठ्या, मऊ फ्लॉपीवर. "सांभाळून ने," ते म्हणाले. "एवढी एकच हाय."

लातूरला आलो आणि दुसऱ्या दिवशी दसरा. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात दरवर्षीसारखी हत्यारांची पूजा मांडली. सोल्डरिंग गन, मीटर, पक्कड. मला भक्तीचा फार पुळका आला. शेजारी सरांची फ्लॉपीही ठेवली आणि चिमटीनं हळदीकुंकू वाहिलं. फ्लॉपीच्या उघड्या फटीतून ते थेट आतल्या चकतीवर गेलं. संध्याकाळी ती ड्राइव्हमध्ये घातली, तर नुसती करकर.

सरांना फोनवर सांगितलं, "फ्लॉपीला बुरशी होती, सर."

ते म्हणाले, "माझंच चुकलं बघ. कपाटामागं ओल हाय, ठाऊक होतं मला. तुझं काम लई अडलं का?"

तो कंपायलर पुढे इंटरनेटवर फुकट मिळाला. मी आधीच नीट शोधलं असतं, तर सरांना त्रासच नव्हता.

महिन्यानं त्यांच्याकडे गेलो. कपाट बाजूला सरकवून त्यांनी भिंतीला नवा गिलावा करून घेतला होता. माझा हात धरून भिंतीला लावला.

"आता कोरडी हाय ना?"

मी म्हणालो, "हाव, सर."