भीमरावांची किक

केलगेरीच्या तळ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत लोक म्हणत, की भीमराव घर बघायला आले तेव्हा नळाला पाणी किती वेळ येतं हे त्यांनी विचारलंच नाही. आधी फाटकासमोर एक गोटी सोडली आणि ती कुठवर घरंगळते ते पाहिलं. शेजारचे बाळाचार्य त्याला पुस्ती जोडत, की धारवाडात माणसं हवा बघून राहायला येतात, हे गृहस्थ उतार बघून आले.

यात अतिशयोक्ती असलीच तर ती गोटीपुरती. भीमरावांचं हुबळीच्या बाजारात भांड्यांचं पिढीजात दुकान, आणि दारात चाळीस वर्षांची, दोन सायलेन्सरची मोटारसायकल. या गाडीत गिअर आणि किक यांना मिळून एकच दांडा: खाली-वर केला की गिअर पडतो, आत दाबून वर उभा केला की त्याचीच किक होते. बारा वर्षांपूर्वी ही किक घसरू लागली. पाय मारावा तर दांडा मुकाट्याने खाली जाई आणि इंजिनाला त्याची वार्ताही नसे. लोकेश मेस्त्रीने तेव्हाच निदान केलं होतं: आतले दात झिजले, “एंजिन बिच्चबेक्री अण्णा,” म्हणजे उघडावं लागेल. ते भीमरावांना मान्य नव्हतं. कारखान्यातून निघाल्यापासून या इंजिनाला कुणाचा पाना लागलेला नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. इंजिन उघडण्याऐवजी त्यांनी आयुष्याची आखणी बदलली.

सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये गल्लीतून सोडायची, वेग आला की दुसरा गिअर टाकायचा, म्हणजे इंजिन खोकत जागं होई. पेट्रोल रायापूरच्या अलीकडच्या पंपावर, कारण तिथून रस्त्यावर येताना जमीन उतरती होती. हुबळीचा बाजार मात्र सपाट. म्हणून उणकलला एका नातेवाइकाच्या दारातल्या चढावर गाडी ठेवून भीमराव पुढे सिटी बसने दुकानात जात. मोटारसायकल असताना बस कशाला, असं कुणी विचारलं, तर गाडीला बाजारातली गर्दी सोसत नाही, असं ते गंभीरपणे सांगत.

यंदा मुलाने, सागरने, हुबळीत फ्लॅट घेतला आणि आईवडिलांनी तिथे यायचं ठरलं. फ्लॅटच्या तळघरातलं पार्किंग कॅरमच्या पाटासारखं होतं. उतार एकच, तोही आत येणारा. त्यावरून गाडी सोडली असती तर ती थेट वॉचमनच्या खाटेपाशी सुरू झाली असती. सागरने शांतपणे अट घातली. रविवारी टेम्पो येईल. गाडी किकवर सुरू झाली तर ती टेम्पोत चढेल. नाहीतर अळणावर गावातले एक हौशी गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात, ते घेऊन जातील. भीमरावांनी मान डोलावली आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

लोकेशने आठ दिवस मागितले. हातात दोन होते. शुक्रवारी सकाळी भीमरावांनी अंगणात पोतं पसरलं, चष्मा पुसला, लोकेशला फोन लावून फोन विटेला टेकवला आणि चाळीस वर्षांत प्रथमच इंजिनाला पाना लावण्याच्या तयारीने खाली बसले. लोकेशने सांगितलं, आधी दांडा काढा. बोल्ट निघाला, दांडा निघेना. शेवटी पातेल्याचे पोचे काढायच्या लाकडी हातोडीने हळूहळू ठोकल्यावर तो सुटला, आणि त्याच्यामागून बेसनाच्या लाडवाएवढा एक लालपिवळा गोळा पोत्यावर पडला.

भीमरावांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला. आतला कुठलातरी भाग गळून पडला असावा, अशा समजुतीने त्यांनी त्याचं वर्णन लोकेशला ऐकवलं. लोकेशने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. असा भाग त्याने कुठल्याच गाडीत पाहिला नव्हता.

चहा घेऊन आलेल्या पत्नीने, वत्सलाबाईंनी, मात्र एकदाच वाकून पाहिलं.

“अहो, ही हळद आहे.”

मग सगळा उलगडा झाला. दर खंडेनवमीला गाडीची पूजा भीमराव स्वतः करत. टाकीला बोटभर कुंकू, दिव्याला टिकली, चाकाला हार. पण किकला तेलात कालवलेली मूठभर हळद आणि वर कुंकू. जिथे आपला पाय लागतो तिथे क्षमा अधिक मागावी, असा त्यांचा हिशेब. ती हळद दांड्याच्या मागे साचत गेली आणि वाळून दगड झाली. दांडा पुरता आत जाईना, दात जेमतेम टेकत, आणि किक घसरे. किक घसरू लागली तेव्हा देवीचा कोप झाला असेल म्हणून भीमरावांनी हळद दुप्पट केली. गेल्या वर्षी तर वत्सलाबाईंना लोणच्यासाठी दुसरी पुडी आणावी लागली होती.

रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन भीमराव अर्धा तास दांडा घासत राहिले. दांडा परत बसवला, आत दाबला. तो लोण्यात सुरी जावी तसा गेला आणि टक् असा आवाज आला. बारा वर्षांत त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता. त्यांनी किक मारली. काहीच झालं नाही. कुंपणावरून बाळाचार्य म्हणाले, की अळणावरचे गृहस्थ तसे सज्जन आहेत. वत्सलाबाईंनी पदर सावरत पुढे होऊन पेट्रोलचा कॉक उघडला. दुसऱ्या किकला गाडी अशी गरजली, की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली आणि फोनमध्ये लोकेश हसू लागला.

भीमरावांनी तिथल्या तिथे सागरला कळवलं, की टेम्पोत दोरखंड जास्तीचे ठेवायला सांग. तोवर बाळाचार्य फाटक उघडून आत आले होते. एवढी वर्षं मेस्त्रींना न सापडलेलं ते आतलं बिघाड झालेलं यंत्र होतं तरी कोणतं, असं त्यांनी आदराने विचारलं. वत्सलाबाई पोत्यावरच्या गोळ्याकडे पाहत उभ्या होत्या. भीमरावांच्या मनात आलं असतं तर ते काहीही सांगू शकले असते. आचार्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं.

“आतलं काही नाही, आचार्य,” ते म्हणाले. “इतकी वर्षं मीच तिच्या नरड्यात हळद कोंबत होतो.”