हौदाचं अस्तर

आमच्या मागच्या अंगणातल्या हौदाला मी कधी स्विमिंग पूल म्हटलं नाही. पूल म्हणायचं तर त्यात उतरावंसं वाटलं पाहिजे. मला त्यात बोट बुडवायचीही किळस यायची.

नेतिवोतजवळच्या एका मोशावात, म्हणजे शेतकऱ्यांच्या वसाहतीत, आम्ही नव्वदच्या दशकात घर घेतलं, तेव्हा हा हौद घराबरोबर गळ्यात पडला. भिंती सिमेंटच्या, तळाला बारीक वाळू, आणि त्या सगळ्यावर आतून विनाइलचं अस्तर. पाणी धरून ठेवायचं ते त्या अस्तरानं. आधीचा मालक तेल अविवकडे राहायला गेला. जाताना म्हणाला, अस्तर अजून दोन-तीन उन्हाळे काढेल. घर विकणाऱ्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, एवढी अक्कल माझ्या नवऱ्याला नव्हती. कोकणातल्या खाडीत पोहून मोठा झालेला माणूस. स्वतःच्या दारात पाणी बघून त्याचे डोळे भरून आले. त्या पाण्यात काय आहे ते त्याला दिसलंच नाही.

मला दिसलं. पाण्याच्या रेषेवर भोवती तपकिरी चिकट पट्टा होता. अंगाचं तेल, उन्हाची क्रीमं आणि वाळवंटातली धूळ मिळून तयार झालेला. घासला की ब्रशला लोंबत यायचा. जाळीच्या डब्यात केसांचे गोळे, बुडालेले भुंगे, एकदा फुगून पांढरी पडलेली पाल. आणि ते अस्तर! कधीकाळी निळं असेल. आता कोपऱ्यांत ताठ, तळाला सुरकुतलेलं, आणि प्रत्येक सुरकुतीत गुलाबी बुळबुळीत काहीतरी धरून बसलेलं. बघूनच अंगावर काटा यायचा.

नव्याचे नऊ दिवस सरले आणि पाणी उतरायला लागलं. आधी नवरा म्हणाला, ऊन पितं. मग त्यानं पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवली. दोन दिवसांनी बादलीतलं पाणी बोटभर उतरलं होतं आणि हौदातलं वीतभर. म्हणजे अस्तर गळत होतं. तो दर आठवड्याला डोळ्यांना चष्मा लावून बुडी मारायचा, ठिगळ चिकटवायचा आणि वर येऊन जिंकल्यासारखा हसायचा. पुढच्या आठवड्यात ठिगळाची कड सुटून पाण्यात हलायची, सोललेल्या कातडीसारखी. पाणी जातं कुठे, यावर त्याचं ठाम उत्तर होतं. हौदापलीकडचं लिंबाचं झाड त्या वर्षी फळांनी वाकलं होतं. "झाड पितंय. वाया कुठे जातंय?" मलाही ते पटलं. आम्ही ती लिंबं खाल्ली, लोणचं घातलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

त्याच वर्षी माझे वडील गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली. तिला मागची खोली दिली. पूर्वी ती सामानाची कोठी होती, घरापेक्षा एक पायरी खाली, खिडकी हौदाकडे. आईला आवडली. सकाळी खुर्ची खिडकीशी ओढून बसायची, पाण्यावर उतरणारे पक्षी बघायची.

मी तेव्हा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायचे. अठरा वर्षं तेच काम. कुणाला ताप येणार, कुणाचं पोट बिघडलंय, कुणी चादर ओली करून उशीखाली लपवलीये, हे मला दारातच कळायचं. नवीन मुलींना मी सांगायचे, थर्मामीटर नंतर लावा, आधी श्वास घ्या. माझ्या नाकाचा मला फार गर्व होता.

त्यामुळे आईच्या खोलीत पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला विचार करायची गरजच वाटली नाही. तिखट, नाकात चढणारा, खाली कुजकट. पलंगाच्या पायथ्याशी फरशी ओली होती. मी पुसली. दुसऱ्या दिवशी परत ओली. तिसऱ्या दिवशी फरशीच्या सांध्यांतून काळं काही वर आलं होतं. मी पलंगाखालची सतरंजी गुंडाळून कचऱ्यात टाकली. ती आईनं मुंबईहून येताना आणली होती.

"आई, उठवत नसेल तर हाक मार. लाजायचं काय त्यात?"

"मी नाय केलं गो," आई म्हणाली. "हात लावून बघ, माझं सगळं सुकं हाय."

तिचा गाउन खरोखरच कोरडा होता. मी हात लावूनही बघितला. पण आश्रमात शेकडो बायका मला हेच सांगायच्या आणि त्यांचे ओले कपडे मला कपाटामागे सापडायचे. मी आईच्या कपाटामागे शोधलं. काही सापडलं नाही, तर मला वाटलं, ही जास्त हुशार आहे.

आज हे लिहिताना मला स्वतःची शिसारी येते. तेव्हा मात्र तिचीच येत होती. आईचीच किळस येते हे कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलते. तिच्या खोलीत जाण्याआधी मी दारात श्वास रोखायचे. तिचं ताट पुढे सरकवायचे आणि मागे व्हायचे. तिनं हात धरला तर नंतर हात धुवायचे. लेक सैन्यात होती, शुक्रवारी घरी यायची. तीही सावताला, म्हणजे आजीला, लांबूनच चुंबन फेकायची आणि स्वयंपाकघरात येऊन मला हिब्रूत म्हणायची, तिच्या खोलीत किती वास येतो, कसं बसायचं, आई? मराठी तिला कळायची, बोलायची मात्र नाही. आईला हिब्रू थोडीच यायची, पण 'वास' हा शब्द तिला नक्की कळला असणार. पुढच्या शुक्रवारी मेणबत्त्या लावून झाल्या, किद्दूश, म्हणजे द्राक्षरसावरची प्रार्थना, झाली, आणि आई म्हणाली, मला भूक नाय, मी पडते. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार रात्रीच्या सणाच्या, जेवणाला तिची खुर्ची रिकामी राहिली. मला सुटल्यासारखं वाटलं.

मग मी कामाला लागले. पलंगावर रबराचा कपडा घातला. आश्रमात असतो तसा नियम केला, संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद. आणि मोठ्या माणसांचे डायपर आणले. पहिल्या दिवशी तिनं माझे हात ढकलले. मी तिला कुशीवर वळवलं, एक हात कमरेखाली घातला आणि दोन मिनिटांत काम उरकलं, जसं मी रोज दहा जणींचं उरकायचे. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

डायपर सकाळी कोरडा निघायचा आणि फरशी ओली असायची. एवढं समोर दिसत असताना मी काय म्हटलं असेल? म्हटलं, ही तो काढते, खाली करते आणि परत घालते. नवऱ्याला सांगितलं तर तो हौदात ठिगळ लावत होता. "म्हातारं माणूस आहे, चालायचंच," असं म्हणून त्यानं परत बुडी मारली.

मी आईचं नाव आमच्याच वृद्धाश्रमात घातलं. एक खोली सणांनंतर रिकामी होणार होती. तिला सांगितलं तेव्हा ती खिडकीशी बसली होती.

"तिथे मराठी बोलणारं कोण हाय?"

"मी आहे ना. रोज असेन."

"आणि तुझी सुट्टी असेल तेव्हा?"

मी म्हटलं, हिब्रू शीक. खरंच म्हटलं असं.

पुढच्याच आठवड्यात खम्सीन सुटला. वाळवंटातला तो गरम वारा, दारं-खिडक्या बंद केल्या तरी दातांत माती. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर आई खुर्चीतून घसरून खाली बसली होती. ओठ फुटलेले, जीभ कोरडी, शब्द जड. तिला बेर शेवाच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरनं तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "ही पाणीच पीत नाही का?" त्यानं मला विचारलं. मी आईला मराठीत विचारलं.

"पितेच ना, सकाळी एक कप चा पिते," ती म्हणाली. "पाणी प्यालं की होतं, तूच सांगितलंस. म्हणून मी बंदच केलं."

मी पाचनंतर बंद म्हटलं होतं. तिनं सगळंच बंद केलं होतं, नेगेवच्या वाळवंटी उन्हाळ्यात. डॉक्टरला मी एवढंच सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही. सलाईन लावली. तिला पाच दिवस ठेवून घेतलं.

तिच्या मागे मी खोली एकदाची स्वच्छ करायचं ठरवलं. गादी उन्हात टाकली, चादरी उकळल्या, फरशी ब्लीचनं तीनदा घासली, खिडकी उघडी टाकली. दार लावून घेतलं. मनात म्हटलं, आता तिसऱ्या दिवशी येऊन बघेन, या खोलीला मूळचा वास काय आहे ते.

तिसऱ्या दिवशी दार उघडलं. तोच वास. पलंगाच्या पायथ्याशी, तिथेच, फरशी ओली. काळं पाणी सांध्यांतून वर येऊन मधल्या फरशीवर पसरलेलं. पलंगावर गादी नव्हती. खोलीत तीन दिवस माणूस नव्हता.

मी पलंगाशी गेले. मग खाली बसले, त्या पाण्यात दोन बोटं बुडवून नाकाशी नेली. आईचं समजून ज्याच्यापासून मी महिनाभर लांब पळत होते, ते पाणी पहिल्यांदा नीट हुंगलं. क्लोरीन होतं त्यात. शिळं, सडलेलं, पण क्लोरीन. आमच्या आश्रमातल्या नव्या मुलीलाही कळलं असतं.

नवरा कारखान्यातून आला तेव्हा मी त्याला हौदात उतरवलं. कामावरून आणलेल्या सिरिंजमध्ये लाल पेतेल भरलं, मुलांना पाण्यात घालून देतात ते रासबेरीचं सरबत. "घराकडच्या भिंतीला धर," मी म्हटलं. "तिकडे ठिगळ नाहीच," तो म्हणाला. "म्हणूनच धर." तळाच्या शिवणीपाशी त्यानं थेंब सोडला. तो पसरला नाही. लाल दोरा ओढून घ्यावा तसा सरळ शिवणीत शिरला आणि गेला. आम्ही सगळी ठिगळं लिंबाच्या बाजूला लावली होती.

पंप लावून हौद उपसायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. मग आम्ही दोघांनी सुऱ्यांनी अस्तर कापलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ घाण काढलीये, पण ती तशी घाण नव्हती. अस्तराखालची वाळू काळी, दह्यासारखी थलथलीत झालेली. तिच्यात पांढरे किडे. मुळं. भपकारा असा आला की नवरा कडेला जाऊन ओकला. घराच्या बाजूला वाळूच नव्हती. पाण्यानं तिथली पिवळी माती खाऊन हात जाईल एवढं बीळ पाडलं होतं, आणि ते बीळ सरळ आईच्या भिंतीखाली गेलं होतं. मी त्यात खांद्यापर्यंत हात घातला. मला किळस आली नाही. तिथेच बसून मी रडले. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात. मी तर माझ्या आईला दिली होती.

आईचं नाव आश्रमाच्या यादीतून मी त्याच सकाळी काढलं होतं. ती घरी आली त्या दिवशी मी तिला आधी खोलीत नेलंच नाही, मागच्या अंगणात नेलं. कापलेल्या अस्तराचे ढीग, उघडा खड्डा, ते बीळ, सगळं दाखवलं.

"आई, हे हौदाचं पाणी होतं. तुझं नव्हतं. तू खरं बोलत होतीस."

तिनं मला शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. माझी आई शिव्या देण्यात कमी नव्हती. पण तिनं खड्ड्यात वाकून बघितलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "शी, काय घाण गो. लेकरं पोहायची की यात." मग काठी टेकत आत गेली.

मी हातपाय धुऊन पाण्याचा तांब्या घेऊन गेले तेव्हा ती पलंगाशी उभी होती. नव्या चादरीखाली तो रबराचा कपडा घालत होती, एका हातानं, कारण दुसऱ्या हाताला सलाईनची पट्टी होती. मी तो तिच्या हातून ओढून घेतला.

"आई, आता कशाला? सांगितलं ना, तुझं नव्हतं ते."

"हौदाचं होतं, ते बघितलं मी," ती म्हणाली. मग मला वाईट वाटू नये अशा आवाजात, "पण थोडं माझं पण असेल, गो."

मी पुष्कळ समजावलं. शपथ घातली. ती मान हलवत राहिली आणि पलंगावर बसेना. शेवटी तो कपडा मीच पसरून दिला, कोपरे नीट खोचून. तेव्हा कुठे ती आडवी झाली.