लिवारींचा घरचा सामना

मी भोसरी सोडली त्या दिवशी अप्पांची पहिली शिफ्ट होती आणि त्यांनी ती बुडवली नाही. गाडी दारात येऊन उभी होती, आई आणि गल्लीतल्या बायका माझ्याभोवती गोळा झाल्या होत्या, आणि माझं लक्ष सारखं कोपऱ्याकडे. शिफ्ट सुटली तसे अप्पा फाउंड्रीतून सरळ, कपडे न बदलता आले. नखांत काळी वाळू, भुवयांवर भट्टीची राख. माझा नवा ड्रेस खराब होईल म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं नाही. नुसतं म्हणाले, "पोचलीस की फोन कर. आन् तिथली मानसं कशी हायेत त्ये सांग. इमारती न्हाई सांगायच्या."

मी युक्रेनला डॉक्टरकी शिकायला चालले होते, पूर्वेकडच्या एका मोठ्या शहरात. इथल्या खासगी कॉलेजांची फी आमच्या आवाक्यातली नव्हती, तिथली कशीबशी होती. पहिलं वर्ष हॉस्टेलमध्ये काढलं. मग कॉलेजजवळच्या एका जुन्या इमारतीत, मिकोला आजोबा आणि हालिना आजी यांच्या फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेतली. दोघं चांगले म्हातारे, मूलबाळ नाही. आजोबांना माझं प्राजक्ता नाव काही उच्चारता येईना. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'प्राशा' करून टाकलं.

वडील काय करतात, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला त्यांच्या भाषेतला शब्द माहीत नव्हता. मी हवेतच पळी धरल्यासारखा हात करून काहीतरी ओतून दाखवलं आणि तोंडावर झळ आल्यासारखे डोळे बारीक केले. आजोबा हसले. "लिवार," म्हणाले. लिवार म्हणजे ओतकाम करणारा. मग त्यांनी शर्टाची बाही वर सरकवून दंडावरचा भाजल्याचा जुना डाग दाखवला. ते स्वतः रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात साचे बनवायचे. आणि तरुणपणी त्याच कारखान्याच्या फुटबॉल क्लबात लेफ्ट हाफ खेळायचे. सगळं शहर त्या क्लबाला 'लिवारी' म्हणायचं, म्हणजे फाउंड्रीवाले.

हे मी फोनवर सांगितलं तर अप्पांचा आवाजच बदलला. "फाउंड्रीवाल्यांचा क्लब हाय व्हय? मंग काळजी न्हाई." पुढे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघे एकमेकांना हातावरचे डाग दाखवायचे. भाषा एक नाही, मध्ये दुभाषी मी, आणि विषय साच्याच्या वाळूत पाणी किती धरायचं हा.

तिथला हिवाळा आठवायला लागला की आधी सगळे आवाज नाहीसे होतात. बर्फ पडून गेलेलं असायचं, झाडं पांढरी, ट्राम लांबून अशी यायची की ती जमिनीला टेकलेलीच नाही असं वाटावं. मोसमाचा शेवट असो की सुरुवात, सामना असला की आजोबा आणि मी त्या पांढऱ्या उजेडातून स्टेडियमकडे चालत जायचो. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. आमच्याकडे लाल मातीतली कुस्ती आणि कबड्डी. पण चालता चालता आजोबा क्लबची गोष्ट सांगायचे, आणि ती मी एखाद्या घराण्याची ऐकावी तशी ऐकायचे.

फाउंड्रीच्या मागे जळकी वाळू टाकायची जागा होती, तिथे कामगार सुट्टीत खेळायचे. पोरांचे गुडघे काळे व्हायचे. त्यातून संघ उभा राहिला. मग महायुद्ध आलं. शत्रू शहराच्या जवळ आला तशी कारखान्यातली यंत्रं आगगाड्यांवर चढवली आणि कामगारांसकट डोंगरांपलीकडे, पार लांब पूर्वेला नेली. तिथे उघड्यावर भट्ट्या पेटल्या. पोट भरायची मारामार, तरी फावड्यांनी बर्फ सारून माणसांनी मैदान केलं आणि ती तिथेही खेळली. तिथल्याच एका लाकडी चाळीत मिकोला आजोबांचा जन्म झाला. युद्ध संपल्यावर आईच्या कडेवर बसून ते ह्या शहरात आले, ज्याला सगळे 'आपलं गाव' म्हणत होते आणि जे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पडलेल्या इमारतींच्या विटा वेचून कामगारांनी स्टेडियम बांधलं. आजोबांची आईसुद्धा विटा वाहत होती.

पुढे एका वर्षी लिवारींनी, युक्रेन तेव्हा ज्याचा भाग होता त्या अख्ख्या मोठ्या देशाचा चषक जिंकला. तोवर आजोबांचा गुडघा गेला होता, ते परत साच्यांवर आले होते. त्या संध्याकाळी अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, असं हालिना आजी सांगायची. मग देश फुटला, कारखान्याचे पगार थकले, क्लब एका धनिकाने घेतला आणि कंटाळा आल्यावर सोडून दिला. क्लब बुडाला. तेव्हा जुने खेळाडू आणि पाठीराखे एकत्र आले, अगदी खालच्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं चढत वर आले. मी गेले तेव्हा लिवारी पुन्हा वरच्या श्रेणीत होते. हरायचे बऱ्याचदा. आजोबांना त्याचं फार काही नसायचं.

मग पुन्हा युद्ध आलं. तेही फेब्रुवारीतल्या एका पहाटे, बर्फ असतानाच. आम्ही इमारतीच्या तळघरात राहायला लागलो. वर जाऊन आजी घाईघाईने बिटाचं सूप करून आणायची. भोसरीहून आईचे फोन येत, आणि ती रडत असली की अप्पा फोन काढून घेऊन विचारत, "आजोबा कसं हायेत?" एक दिवस विद्यार्थ्यांसाठी पश्चिमेकडे जाणारी गाडी आहे असं कळलं. मी दोघांनाही चला म्हणाले. आजोबांनी माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "तुझं घर शाबूत आहे, प्राशा," ते म्हणाले. "तू जा. आम्ही आमचं बघतो." त्यांनी स्टेशनपर्यंत सोबत केली. माझ्याबरोबर जे परतले त्यांना ती गाडी आठवत असेल. दिवे बंद, काचांवर पडदे, आणि बाहेर आपण सोडून चाललेला देश नुसता अंधाराच्या आकारात सरकत होता.

घरी आले तेव्हा गल्लीने मला ओवाळलं. पण मी आले आणि आलेच नाही, असं बरेच दिवस चाललं. सकाळी डोळे उघडले की क्षणभर खिडकीत बर्फाचा उजेड असायचा, मग त्याच खिडकीतून एमआयडीसीच्या वर्कशॉपचे आवाज आत यायचे, ग्राइंडर, हातोडा, कामगारांची हिंदी, आणि खोली हळूहळू भोसरीची व्हायची. राहिलेलं शिक्षण थोडं ऑनलाइन, थोडं दुसऱ्या देशात जाऊन पुरं केलं. परदेशातून आलेल्यांना इथे जी परीक्षा द्यावी लागते तिच्यात एकदा नापास झाले, मग पास झाले. आता चाकणच्या एका हॉस्पिटलात आहे.

आजी-आजोबांच्या खिडक्या स्फोटात फुटल्या, स्टेडियमचा एक स्टँड कोसळला, तेव्हा कुठे ते दोघं निघाले. पश्चिमेकडच्या एका शहरात शाळेच्या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली. आणि योगायोग असा की काही महिन्यांनी क्लबही त्याच शहरात आला. आपल्या गावात खेळणं शक्य नव्हतं, म्हणून लिवारी दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर आपले घरचे सामने खेळायला लागले.

मला वाटलं आजोबा खूश होतील. ते जायलाच तयार होईनात. आजी फोनवर सांगायची, मैदान दोन बसथांब्यांवर आहे आणि हा माणूस खिडकीकडे पाठ करून बसतो. मी विचारलं तर म्हणाले, "भाड्याच्या मैदानावर घरचा सामना? ते नाटक आहे, प्राशा. आमचं मैदान तिकडे आहे. माझ्या आईने वाहिलेल्या विटांचं." खाणं कमी झालं होतं. आवाज असा झाला होता की मी डॉक्टर म्हणून घाबरले.

त्या रविवारी अप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मी बोलतो त्ये सांग त्यांस्नी," म्हणाले. "सांग, माझ्या बापाचं ज्वारीचं रान हुतं. एमआयडीसीत गेलं. त्यावर शेड हुबं राहिलं. त्याच शेडमधी मी जलमभर भट्टी राखली. पाय ठिवीन तिथं बापाचं रानच दिसायचं मला. पर आजूबाजूला मानसं हुती ना, लातूरची, कोकणातली, बिहारची. त्यांच्यासंगं डबा खाल्ला म्हून दिस गेलं."

मी जमेल तसं सांगितलं. 'रान' या शब्दाला अडले, शेत म्हणाले. तेवढ्यात आजीचा आवाज मागून आला, शांत आणि थकलेला. "मिकोला, तू स्वतः कुठे जन्मलास? ते तरी कुणाचं मैदान होतं?"

आजोबांनी विषय पुन्हा वाळूवर नेला. पण दोन आठवड्यांनी आजीचा मेसेज आला की आज जातोय.

तिथली दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. मी लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. आई शेंगा सोलत होती, अप्पा स्टूल ओढून बसले. पडद्यावर हिरवं मैदान, मोजके प्रेक्षक, आणि काळ्या जर्सीतले लिवारी. पहिला अर्धा भाग अजून संपायचा होता आणि भोंगा वाजला. हल्ल्याची सूचना. रेफरीने खेळ थांबवला, खेळाडू चालतच आत गेले, प्रेक्षक तळघराच्या दाराकडे सरकले. कॅमेरा चालू राहिला. रिकामं मैदान, एका कोपऱ्यात पडलेला चेंडू, वाऱ्याने हलणारं गोलचं जाळं.

मी आजीला फोन लावत राहिले. लागत नव्हता. बाहेर दिवेलागण झाली. आई म्हणाली, बंद कर ते, बघवत नाही. अप्पा म्हणाले, "राहू दे. येत्याल." आणि ते त्या रिकाम्या मैदानाकडे बघत बसून राहिले, जसे भट्टीसमोर बसत, लोखंडाचा रस तयार होईपर्यंत.

शेवटी आजीचाच फोन आला, व्हिडिओवर. तळघर माणसांनी भरलं होतं. मध्ये आजोबा उभे, टोपी मागे सरकलेली, चार म्हाताऱ्यांशी हातवारे करत वाद घालत होते, जुन्या कुठल्याशा सामन्यात पेनल्टी कुणी मारली यावरून. आजी हसत होती. "सगळे आपल्याकडचेच," ती म्हणाली. "आपल्या इमारतीतला खालच्या मजल्यावरचा बेकरीवाला भेटला. तो गेला असं आम्ही समजत होतो." आजोबांनी फोन हातात घेतला. डोळे ओले, आवाज पहिल्यासारखा. "प्राशा, वडिलांना सांग," म्हणाले, "आज आम्ही घरी खेळतोय."

मी सांगितलं. अप्पांनी मान हलवली. आईने शेंगांचं ताट बाजूला सारून चहा टाकला. थोड्या वेळाने खेळाडू परत मैदानात आले, चेंडू उचलला, खेळ सुरू झाला. सामना बरोबरीत सुटला.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर एक मुलगी आली होती, कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये बोट चेपलेली, धाराशिवकडची, चाकणला येऊन महिनाच झालेला. टाके घालताना तिचं लक्ष दुखण्याकडे जाऊ नये म्हणून मी तिच्याशी बोलत होते. तिनेच उलट विचारलं, "मॅडम, तुमचं गाव कोणतं?"

"भोसरी," मी म्हणाले. सुई थांबवली, आणि दुसऱ्या गावाचंही नाव सांगितलं. ते कुठं आलं, असं तिने विचारलं. मी सांगायला लागले.