ताकदीची पूड

अंबुबाईचा हात म्हणजे तराजू, असं गोठ्यावरची माणसं म्हणायची, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. छटाकभर पूड म्हटलं की तिच्या मुठीतून छटाकभरच पडायची. डॉक्टर रघुवीररावानं पहिल्या आठवड्यात पितळी काटा आणून तिची तीनदा परीक्षा घेतली आणि मग नाद सोडला. बेळगावच्या शाळेत शिकलेला, मुंबईहून जनावरांची डॉक्टरी करून आलेला हा तरुण माणूस कुणावर चटकन विश्वास टाकणारा नव्हता. गाईंना चारायला ठेवलेल्या या विधवा बाईवर मात्र त्यानं टाकला, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं.

खानापूर सोडून कणकुंबीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक माळ लागायचा. तिथं एकोणीसशे छत्तीस साली सरकारनं कौलारू गोठा बांधून दहा डोंगरी गाई आणल्या. त्या भागातल्या गाई म्हणजे हाडांचे सापळे. पाऊस असा की मातीतला कस धुऊन जायचा, आणि वैरण म्हणजे भाताचं पिंजार. गाय तीन-तीन वर्षं गाभण राहायची नाही, राहिली तर चालताना लंगडायची, आणि माळावर सोडली की मेलेल्या जनावराचं हाड तोंडात धरून चघळत बसायची. गाईनं हाड चघळणं हे घरावर पाप, म्हणून माणसं तिला बडवून काढायची आणि तोंडाला मुसकी बांधायची. गाईला काहीतरी कमी पडतंय, असं कुणाच्या मनात यायचं नाही. करणी झाली म्हणायचं आणि नारळ फोडायचा, हे सोपं पडतं.

रघुवीररावाचा प्रयोग साधा होता. डाव्या दावणीच्या पाच गाईंना पिंजार आणि कोंड्याचं आंबोण. उजव्या दावणीच्या पाच गाईंना तेच, वर रोज छटाकभर पांढुरकी पूड. दर सोमवारी दहाही गाईंचं वजन. वर्षाच्या शेवटी पुडीनं फरक पडला का ते पुण्याला कळवायचं. पूड कसली, असं अंबुबाईचा धाकटा दीर शामू यानं एकदा विचारलं. शामू तिथं राखण करायचा, गाई ओढ्यावर पाण्याला न्यायचा. डॉक्टर म्हणाला, "ताकदीची पूड आहे." झालं, सगळे तिला ताकदीची पूड म्हणू लागले.

सहा आठवडे अंबुबाईनं ती इमानानं चारली. उजव्या दावणीच्या गाईंच्या अंगावर तुकतुकी यायला लागली होती. कपिली नावाची एक गाय होती, तिची तर शिंगंसुद्धा उजळली. आणि श्रावणातल्या एका सकाळी, नवं पोतं फोडून पूड चाळताना चाळणीत काहीतरी अडकलं. अंबुबाईनं ते उचलून उजेडात धरलं. नखाएवढा तुकडा, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला बारीक भोकं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या बाईला हाड ओळखायला डॉक्टर लागत नाही.

तरी तिनं पोतं आणणाऱ्या गाडीवानाला, मष्णूला, गाठलं. मष्णू बैलांना पाणी दाखवत होता.

"मष्णू, ही पोती कुठनं भरतोस रं?"

"टेशनावरनं. लांबच्या गिरणीतनं येत्यात. कशाला?"

"त्या गिरणीत काय दळत्यात?"

मष्णूनं इकडंतिकडं बघितलं. "आक्का, तू इचारलंस म्हणून सांगतो. हाडं दळत्यात. कुनाला बोलू नगंस, माजं भाडं जाईल."

अंबुबाई गोठ्याकडं परतली. गाईच्या तोंडात हाड, तेही आपल्या हातानं, दीड महिना. कोण जाणे कुठल्या जनावराचं. गाईचंच असलं तर? आणि या गोठ्यातलं दूध रोज सकाळी गावच्या रवळनाथाच्या देवळात जात होतं. गावाला कळलं असतं तर तिला पाणवठा बंद झाला असता, शामूच्या पोरींची लग्नं मोडली असती. डॉक्टरला विचारावं, तर तो सरकारचा माणूस. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग तिनं तिच्या मते शहाणपणाचं केलं. ओढ्याच्या काठी भिंती सारवायची पांढरी माती मिळायची. ती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून तिनं डब्यात भरली. दिसायला सारखी, वजनाला सारखी. कपिली आणि तिच्या चार सोबतिणींना दुसऱ्या दिवसापासून छटाकभर माती मिळू लागली. पोत्यातली पूड फेकायचीही सोय नव्हती. हाडं ती हाडं, उकिरड्यावर कशी टाकायची? म्हणून रोज सकाळी तेवढीच पूड पदराखाली घेऊन ती गोठ्यामागच्या जांभळीखाली जायची, खुरप्यानं खड्डा करायची, पूड पुरायची आणि हात जोडायची. ज्या जनावराला माती मिळाली नाही त्याला आपण माती देतोय, असं तिला वाटायचं. पाप टळलं आणि वर पुण्यही लागलं, असा हिशेब. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार कुणी नाही.

दसरा गेला, दिवाळी गेली. सोमवारी काट्यावर गाई चढायच्या आणि डॉक्टरच्या कपाळावर आठी चढायची. आधी चढलेलं वजन थांबलं, मग उतरू लागलं. त्यानं गव्हाणी तपासल्या, पाणी तपासलं, आंबोणात हात घालून बघितला. अंबुबाई बाजूला उभी राहून बघायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय खोटं? डॉक्टरनं नुसतं "अंबुबाई" म्हटलं तरी ती बादली उचलून ओढ्याकडं निघायची.

माघात पुण्याहून पत्र आलं. शिमग्याच्या आधी अहवाल पाठवा; फरक दिसत नसेल तर गोठा बंद करून जनावरांचा लिलाव करा. तसल्या गाई खाटकाशिवाय घेणार कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कपिली तेव्हा आठ महिन्यांची गाभण होती. मागचे पाय ताठरल्यासारखी चालायची, उठताना कण्हायची.

पत्र आलं त्याच आठवड्यातली गोष्ट. शामू दहाही गाईंना ओढ्यावर नेत होता. रोजची वाट जांभळीच्या खालच्या अंगानं जायची. त्या दिवशी कपिली वाटेतच थांबली, नाक वर केलं आणि ते ताठरलेले पाय ओढत सरळ जांभळीकडं निघाली. तिच्या मागं बाकीच्या. शामूनं हाका मारल्या, काठी चालवली, काही उपयोग झाला नाही. अंबुबाई आवाज ऐकून धावत आली तेव्हा गाई खुरांनी जमीन उकरत होत्या आणि माती चाटत होत्या. चाटत कसल्या, खात होत्या. कपिलीनं पुढचे गुडघे टेकले होते आणि जीभ खड्ड्यात घातली होती. शामूची काठी पाठीवर बसत होती तरी ती मान वर काढत नव्हती.

"वैनी, हितं काय पुरलंय गं कुनी?" शामूनं विचारलं.

 अंबुबाईला सगळं एका क्षणात दिसलं. माळावर हाडं चघळणाऱ्या गाई, त्यांच्या तोंडावरच्या मुसक्या, उजळलेली शिंगं, आणि सहा आठवड्यांनंतरचे हे सहा महिने. जनावर तोंडानं सांगू शकत नव्हतं म्हणून ते जिभेनं सांगत होतं, आणि आपण देवाचं नाव घेऊन त्याच्या तोंडचा घास जमिनीत पुरत होतो. तिला रडू आलं नाही. स्वतःच्या हाताची मात्र किळस आली.

तरीही ती गप्पच राहिली. चार दिवस. या चार दिवसांबद्दल तिनं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही. सांगितलं तर गाव तोडतं, नाही सांगितलं तर गाई मरतात, या दोहोंत तिचा जीव हिंदकळत राहिला. पाचव्या दिवशी सकाळी कपिली खाली बसली ती उठेना. शामू आणि मष्णूनं पोटाखाली दोर घालून उचललं. मागचे पाय ओल्या काठीसारखे वाकले आणि ती पुन्हा कोसळली.

रघुवीरराव खोलीत अहवाल लिहीत होता. दुपारच्या गाडीनं तो घेऊन बेळगावला जायचं होतं. अंबुबाई दारात उभी राहिली.

"डाक्टर, ते कागद फाडा."

त्यानं मान वर केली.

"ती पूड गाईंनी खाल्लीच न्हाय. म्या घातली न्हाय. हाडाची हाय म्हणून कळालं आन् म्या माती चारली. पूड जांभळीखाली पुरली."

लेखणी टेबलावरून घरंगळत खाली पडली.  रघुवीररावाचा आवाज चढला. आठ महिने, सगळी वजनं, सगळं पाण्यात. अशा अडाण्यांच्या नादी लागलो हीच माझी चूक. हा गोठा बंद पडला तर इथल्या हजारो गाईंचं काय, तुम्हाला कल्पना आहे का? अंबुबाई खाली मान घालून ऐकत होती.

"बोला मला काय बोलायचं ते," ती म्हणाली, "पर आधी कपिलीला बघा. ती उठंना."

कपिलीला आता पूड चारायची तर ती भाकरीच्या पिठात कालवून हातानं तोंडात घालावी लागणार होती. शामूनं स्पष्ट नकार दिला. पूड कशाची ते त्याला आता कळलं होतं, आणि तो गोठ्यातून निघून गेला तो थेट गावात. तासाभरात कुंपणापाशी पंचवीस-तीस माणसं जमली. डॉक्टर खिडकीतून म्हणाला, "अंबुबाई, बाहेर काही बोलू नका. सरकारी काम आहे." ती त्याच्याकडं न बघता पिठाचा गोळा घेऊन बाहेर अंगणात पडलेल्या गाईपाशी आली आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत तिनं तो कपिलीच्या जिभेवर ठेवला. एक, दोन, तीन. गाईनं तिची बोटं चाटून साफ केली. कुंपणापलीकडची माणसं एकेक करून पाठ फिरवून निघून गेली, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

तिसऱ्या दिवशी कपिली व्याली. कालवड जगली, कपिली पाचव्या दिवशी गेली. उशीर झाला होता, आणि हे रघुवीररावानं सांगायची गरज नव्हती.

गावानं अंबुबाईला वाळीत टाकलं. विहिरीवर तिची घागर कुणी लागू देईना. ती ओढ्याचं पाणी प्यायची. देवळाच्या पायरीवर तिनं ठेवलेलं तेल गुरव काठीनं बाजूला सारायचा. शामूनं दोघांच्या घरात मधे भिंत घातली. डॉक्टरला कुणी काही म्हटलं नाही. तो साहेबाचा माणूस, माळावर राहणारा, शनिवारी घरी बेळगावला जाणारा. त्यानं पुण्याला तार करून एक वर्षाची मुदत मिळवली, कपिलीच्या जागी नवी गाय आणली आणि प्रयोग पहिल्यापासून सुरू केला. पूड चारायला दुसरं माणूस मिळेना, आणि अंबुबाईलाही ते काम दुसऱ्या कुणाला द्यायचं नव्हतं.

त्या वर्षी उजव्या दावणीच्या पाचही गाई गाभण राहिल्या. डाव्या दावणीची एक. काट्यावरचा फरक आंधळ्यालाही दिसला असता. गाव कुंपणावरून बघायचं, पण गावाला नुसतं दिसून पुरत नाही.

अहवाल पुरा झाला त्या दिवशी रघुवीरराव खुशीत होता. त्यानं अंबुबाईला ओसरीवर बसवलं आणि इंग्रजीतलं मराठीत करून वाचून दाखवलं. पहिल्याच पानावर वाक्य होतं: चारणाऱ्या बाईच्या अज्ञानामुळे आधीच्या आठ महिन्यांच्या नोंदी रद्द केल्या आहेत.

"परत वाचा," अंबुबाई म्हणाली.

त्यानं परत वाचलं, जरा हळू.

"अडाणी हाय मी, व्हय. पर अडाणी हुतो तवा म्या पूड चारली. कळालं तवा बंद केली." ती सावकाश बोलत होती, वर्षभर मनात घोळवलेलं होतं ते. "कळल्यावर तुमास्नी इचारलं न्हाय, चार दिस गप बसलो, त्येची शिक्षा मी भोगतोय. गाय गेली माज्या हातनं. पर पूड कशाची हे तुमी लपवलंत. का लपवलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चारली असतीत का?"

"न्हाय. भांडलो असतो. तुमी हाडं चघळणाऱ्या दोन गाई दावल्या असत्या, समजावलं असतं. महिना गेला असता. आठ महिने आन् कपिली गेली नसती."

   रघुवीररावानं पान फाडलं, नवं घेतलं आणि लिहिलं. मग वाचलं: पूड कशाची आहे हे मी चारणाऱ्या बाईंपासून आणि गावापासून लपवले. त्यामुळे आठ महिने वाया गेले व एक गाय दगावली. चूक माझी आहे.

"आता झालं?" त्यानं विचारलं. 

"पुण्याच्या साहेबाचं झालं," अंबुबाई उठत म्हणाली. "त्येला काय, त्यो कुठं माजी घागर अडवतोय? ह्यो कागद घ्या आन् चावडीवर चला. गावाला वाचून दावा."

रघुवीररावानं टोपी घातली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि फाटकाबाहेर येऊन थांबला. दोन वर्षं तो त्या माळावर राहत होता, पण गावात जायची वाट त्याला माहीत नव्हती. अंबुबाई पुढं झाली आणि तो तिच्या मागून चालू लागला.